अवंतीची मध्यरेखा आणि वर्गातला नकाशा

जमिनीवर कोठेही दिसत नाही, पण गणितात सदैव वावरते अशी एक रेघ आपल्या या नगरीवरून जाते. सूर्यसिद्धांतापासून भास्कराचार्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’पर्यंत (इ. स. ११५०) आपल्या ज्योतिषग्रंथांनी देशांतराचे गणित या रेघेपासून मांडले. दक्षिणेस विषुववृत्तावरील लंका, मध्ये उज्जयिनी, पुढे रोहीतक व कुरुक्षेत्र आणि अगदी उत्तरेस मेरू, अशी तिची कल्पना होती. तिला मध्यरेखा म्हणत. ज्या गावचे पंचांग करावयाचे ते गाव या रेघेच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस किती योजने आहे हे ठरवून ग्रहगणितास तेवढा संस्कार द्यावयाचा, ही रीत पंचांगकर्त्यांच्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पुढे १८८४ साली वॉशिंग्टन येथील परिषदेने ग्रीनिचची रेषा जगासाठी मान्य केली. १ जानेवारी १९०६ पासून आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला पूर्व रेखांशावरून मोजली जाऊ लागली. आणि उज्जयिनीची रेघ पंचांगांच्या पहिल्या पानांपुरती उरली.

ती आता पुन्हा शाळेत आली आहे. एन. सी. ई. आर. टी.ने २०२४ साली काढलेल्या सहावीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात मध्यरेखेचा आणि उज्जयिनीचा उल्लेख आहे. महाकाळाच्या गावात राहणाऱ्या शिक्षकाला याचा आनंद न होईल तरच नवल. परंतु एखाद्या चौकस मुलीने “सर, ही रेघ नेमकी कोठून जाते?” असे विचारले, तर तिला काय दाखवावे? खुंटीला टांगलेला कापडी नकाशा या प्रश्नापुढे मुका होतो. संगणकाच्या पडद्यावरचा नकाशा मात्र बोलतो. त्यावर टाचणी रोवता येते, रेघ ओढता येते, अंतर मोजता येते, एक नकाशा दुसऱ्यावर ठेवून पाहता येतो. या नव्या साधनाविषयी लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले. प्रस्तुत लेखक भूगोलाचा नव्हे, मराठीचा अध्यापक आहे. म्हणून यंत्राच्या कौतुकापेक्षा, या साधनाचे आपल्या माळव्यातील पूर्वज कोण, हे आधी पाहणे त्याला अधिक सोयीचे वाटते. ते पूर्वज आहेत, आणि त्यांचा इतिहास या ग्रंथालयाच्या सभासदांस माहीत असावा असा आहे.

आरंभ अर्थातच क्षिप्रेच्या काठावरील जयसिंहपुऱ्यापासून करावयास हवा. माळव्याची सुभेदारी सांभाळणाऱ्या सवाई जयसिंहांनी दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथे ज्या पाच वेधशाळा उभारल्या, त्यांतील आपली वेधशाळा अठराव्या शतकाच्या पहिल्या अर्धातली. सम्राटयंत्र, नाडीवलय, दिगंशयंत्र, दक्षिणोत्तर भित्तियंत्र ही तिची अंगे. युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने संस्कृतात आणणारे जगन्नाथ सम्राट हे जयसिंहांचे ज्योतिषी परंपरेने महाराष्ट्रीय मानले जातात, ही गोष्ट आपल्याला सुखावणारी आहे. पण येथे सांगावयाचा मुद्दा वेगळा आहे. ही यंत्रे म्हणजे आत शिरून, पायऱ्या चढून, सावलीवर बोट ठेवून वापरावयाची साधने आहेत. सम्राटयंत्राची सावली आणि हातातील घड्याळ यांत सुमारे सत्तावीस मिनिटांचे अंतर पडते, त्यात ऋतुमानाप्रमाणे थोडा फरक होतो, हे ज्या विद्यार्थ्याने स्वतः पाहिले, त्याला रेखांश आणि वेळ यांचा संबंध पुन्हा शिकवावा लागत नाही.

जयसिंहांच्या मागोमाग माळवा मराठ्यांकडे आला. राणोजी शिंद्यांनी उज्जैन आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकाळाचे मंदिर पुन्हा उभे केले, आणि आपले पूर्वज ज्या निमित्ताने येथे आले त्या कथेस प्रारंभ झाला. त्या काळच्या मराठी दप्तरांत मोडी लिपीतले नकाशे सापडतात. अक्षांश-रेखांश त्यांत नसतात. नद्या, घाट, किल्ले, गावे असतात, आणि अशा काही नकाशांत अक्षरे निरनिराळ्या दिशांना तोंड करून लिहिलेली आढळतात. नकाशा जमिनीवर अंथरून त्याच्याभोवती फिरत वाचावयाचा, असाच याचा अर्थ. पडद्यावरचा नकाशा बोटाने गरगर फिरविणाऱ्या आजच्या मुलांना ही पद्धत आपल्यापेक्षा लवकर उमगेल!

आता ज्या प्रकरणाकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधावयाचे आहे ते सीहोरचे. उज्जैनच्या पूर्वेस, भोपाळच्या अलीकडे असलेल्या या गावी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात लॅन्सलॉट विल्किन्सन हे भोपाळचे पोलिटिकल एजंट राहत. मुंबई इलाख्याच्या सेवेतील हा अधिकारी संस्कृत शिकला, सिद्धांतग्रंथ वाचू लागला, आणि एका शैक्षणिक प्रश्नापाशी येऊन थांबला. पृथ्वी सपाट असून मध्ये मेरू आहे, भोवती सात द्वीपे व सात समुद्र आहेत, हे पौराणिक चित्र लोकांच्या मनात. युरोपातून आलेली भूगोलाची पुस्तके सांगत की पृथ्वी गोल आहे आणि सूर्याभोवती फिरते. ही पुस्तके शाळेत वाटली तर मुले ती पाठ करतील आणि घरी जाऊन विसरतील. मग करावे काय? विल्किन्सन यांचे उत्तर असे, की पृथ्वीचा गोलाकार, ग्रहणांची खरी कारणे, अक्षांशावरून अंतर काढण्याची रीत, हे सर्व भास्कराचार्यांच्या गोलाध्यायात आधीच आहे. तो आधी शिकवा, मुलाकडून ते गणित करवून घ्या, आणि त्या पायरीवरून त्याला कोपर्निकसपर्यंत न्या. १८३४ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी हा विचार लेखरूपाने मांडला.

विचार साहेबाचा असला तरी वर्गातले काम आपल्या शास्त्र्यांचे होते. सुबाजी बापू यांनी ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ १८३६ साली लिहिला, तो मराठीत. सूर्यकेंद्री विश्वव्यवस्था पारंपरिक ज्योतिषाच्या परिभाषेत समजावून देणारा हा मराठी ग्रंथ पुण्या-मुंबईत नव्हे तर माळव्यात जन्मला, याची आठवण महाराष्ट्रातील वाङ्मयेतिहासकारांना क्वचितच असते. बृहन्महाराष्ट्राने ती ठेवावयास हवी. त्याच शाळेतील ओंकार भट्ट यांनी ‘भूगोलसार’ हिंदीत लिहिला. नागपूरच्या शाळेत शिकत असलेल्या एका तरुण मराठी विद्यार्थ्याला विल्किन्सन सीहोरला घेऊन आले. तेच पुढे काशीच्या संस्कृत महाविद्यालयातील ख्यातनाम ज्योतिर्विद बापूदेवशास्त्री. विल्किन्सन १८४१ मध्ये वारले. त्यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर बापूदेवशास्त्र्यांनी तपासून सिद्ध केले आणि ते १८६१ साली प्रसिद्ध झाले. शिष्याने गुरूचे ऋण फेडण्याची ही रीत सुंदरच म्हणावी लागेल.

या उपक्रमाला विरोध झाला नाही असे नाही. पुराणे आणि ज्योतिष यांच्यात विरोध आहे की नाही, यावर पंडितांत चांगलीच जुंपली. पुण्याचे यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांच्यासारख्या व्युत्पन्न ज्योतिषांनी, दोहोंत विरोध नाही, अशी बाजू लढविली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त या मंडळींची माहिती आहे, जिज्ञासूंनी ती अवश्य पाहावी. आज तो वाद वाचताना एक गोष्ट मनात भरते. दोन्ही बाजूंच्या पंडितांना गणित येत होते. वाद होता तो आपण केलेल्या गणितावर विश्वास ठेवावयाचा की ऐकलेल्या वर्णनावर, याविषयी.

सीहोरला हे शिकविणे चालू असताना, तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर, टोंक संस्थानच्या सिरोंज परगण्यात दुसरेच काम चालले होते. मद्रासजवळ १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी उत्तरेकडे सरकत होती. लॅम्बटन १८२३ साली आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे वारले. त्यांच्या पश्चात जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८२४-२५ मध्ये सिरोंजजवळ आधाररेषा मोजली आणि १८३७-३८ मध्ये अधिक चांगल्या उपकरणांनी ती पुन्हा मोजून घेतली. तेथील कल्याणपूर हे ठाणे पुढे हिंदुस्थानच्या साऱ्या सर्वेक्षणाचा मूळबिंदू ठरले. म्हणजे उज्जयिनीची मध्यरेखा ग्रंथांतून मावळत असता, तिच्या पूर्वेस दोन अंशांहूनही कमी अंतरावर, याच माळव्याच्या मातीत नवा आरंभबिंदू रोवला जात होता. एकाच दशकात सिरोंजला जमीन मोजली जात होती आणि सीहोरला ते मोजणे मुलांना समजावून दिले जात होते. दुर्दैवाने पुढच्या काळात सिरोंजचे काम वाढले आणि सीहोरचे मागे पडले. देशाचा अचूक नकाशा तयार झाला. शाळेत मात्र त्याची निर्जीव प्रत पोहोचली.

कारण शाळेतल्या नकाशाचा पुढचा दीडशे वर्षांचा इतिहास फारसा उत्साहजनक नाही. भिंतीवरचा गुंडाळी नकाशा, बाईंच्या हातातली छडी, परीक्षेत भरावयाचा कोरा नकाशा. “पुढील ठिकाणे दाखवा” या प्रश्नाचे गुण मिळाले की नकाशाचे काम संपे. अपवाद होते. महाराज माधवराव शिंदे यांनी १९२३ साली जयसिंहपुऱ्याच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार करविला आणि गोविंद सदाशिव आपटे यांनी तिचे अधीक्षकपद सांभाळले. भग्न वास्तू पुन्हा वेध घेऊ लागली. पुढे पद्मश्री विष्णु श्रीधर वाकणकर यांनी आपल्या भारती कला भवनातील विद्यार्थ्यांना माळव्यातील डोंगर, गुहा आणि नदीकाठ पायी तुडवावयास लावले. उज्जैनच्या उत्तरेस डोंगला गावाजवळून कर्कवृत्त जाते, याकडे लक्ष वेधण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. तेथे आता वराहमिहिरांच्या नावाची वेधशाळा उभी आहे. परंतु सर्वसाधारण शाळेला ना वेधशाळा परवडत होती, ना वाकणकर लाभत होते. शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाचे तपशीलवार नकाशे सामान्य शिक्षकाच्या हाती पडणे दुरापास्तच होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने ती दारे किलकिली केली आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी बरीच उघडली.

दरम्यान दारे बाहेरूनच उघडली गेली होती. २००४ साली इंग्लंडमध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा लोकांनीच भरावयाचा नकाशा सुरू झाला. २००५ मध्ये ‘गूगल मॅप्स’ आणि ‘गूगल अर्थ’ आले. ऑगस्ट २००९ मध्ये आपल्या ‘इस्रो’ने ‘भुवन’ खुले केले. त्यातूनच पुढे हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र आणि एन. सी. ई. आर. टी. यांनी शाळकरी मुलांसाठी ‘स्कूल भुवन’ सिद्ध केले. साधन आले. ते सीहोरच्या रीतीने वापरावयाचे की छडीच्या, हा प्रश्न मात्र शिक्षकापुढेच राहिला.

सीहोरची रीत म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. भास्कराचार्य म्हणतात की उज्जयिनी विषुववृत्तापासून पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतकी दूर आहे. हे वाक्य फळ्यावर लिहावे आणि पडद्यावर उज्जैनला टाचणी लावून सरळ दक्षिणेकडे विषुववृत्तापर्यंत रेघ ओढावयास सांगावे. नकाशा अंतर दाखवितो : सुमारे २,५६५ किलोमीटर. त्याला सोळाने गुणले की ४१,००० किलोमीटर होतात. पृथ्वीचा ध्रुवांवरून मोजलेला परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. चाळिसात एकाची चूक! मग विद्यार्थीच विचारतात की ही चूक कोठून आली. परिघाचा सोळावा भाग म्हणजे साडेबावीस अंश. उज्जैनचा अक्षांश तेवीस अंश अकरा कलांच्या आसपास. फरक तेथे आहे. भास्कराचार्यांनी परीघ ४,९६७ योजने दिला आहे, तेव्हा त्यांचे योजन साधारण आठ किलोमीटरांचे असावे, हेही गणित कोणीतरी करतोच. आमच्या महाविद्यालयात वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी, म्हणजे दहावीनंतर गणिताला रामराम ठोकलेल्या मुलांनी, हे केले, याचे मला अजूनही अप्रूप वाटते.

तीच रेघ मग अधिक निरखून पाहावी. उज्जैनहून दक्षिणेस ती इंदूरच्या कडेने उतरते, भुसावळवरून आणि अजिंठ्याच्या लेण्यांना जवळजवळ स्पर्श करून जाते, बार्शी व विजापूर यांच्या शेजारून पुढे सरकते आणि कोझिकोडपाशी समुद्रात शिरते. विषुववृत्तावर ती पोहोचते तेथे बेट नाही. मालदीवच्या पूर्वेस नुसता अथांग सागर आहे. सिद्धांतकारांची लंका ही गणिताची लंका होती, रावणाची नव्हे, हे सांगण्यास याहून चांगले चित्र कोठले? उत्तरेकडे पाहावे तर रोहतक या रेघेच्या पूर्वेस सुमारे ऐंशी किलोमीटर आणि कुरुक्षेत्र शंभरावर किलोमीटर राहते. त्या काळात दोन गावांचे देशांतर ग्रहणकाळांच्या तुलनेवरून काढावे लागे. वेळेत चार मिनिटांची चूक झाली की एक अंश हुकला. तेव्हा ऐंशी-शंभर किलोमीटरांचा फरक पाहून कोणी नाक मुरडू नये, आणि ग्रंथात आहे म्हणून रेघ वाकवून कुरुक्षेत्रापर्यंत नेऊही नये. मला स्वतःला या दुसऱ्या प्रकाराची भीती अधिक वाटते. उज्जयिनीचा अभिमान बाळगावयाचा तर भास्कराचार्यांप्रमाणे मोजून बाळगावा. जी गोष्ट पाच मिनिटांत पडताळता येते ती केवळ भक्तीने सांगणे हा त्या गणितज्ञाचा अवमान आहे.

या रेघेवर एक गंमत सापडते ती जयपूरची. १७२७ साली जयसिंहांनी वसविलेले हे नगर उज्जैनच्या रेघेवर इतके अचूक येते की दोन्ही वेधशाळांच्या रेखांशांत फरक पडतो तो जेमतेम पाच-सहा किलोमीटरांचा. मुले उत्साहाने म्हणतात, राजाने हे मुद्दाम केले! येथे शिक्षकाने थांबविले पाहिजे. नकाशा योगायोग दाखवू शकतो, हेतू दाखवू शकत नाही. हेतूसाठी कागदपत्रांकडे जावे लागते, म्हणजे पुन्हा ग्रंथालयाकडे.

कर्कवृत्ताचेही असेच. ते उज्जैनवरून जाते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पडद्यावर ते उज्जैनच्या उत्तरेस सुमारे पाव अंशावर, म्हणजे अठ्ठावीस किलोमीटरांच्या आसपास दिसते. पृथ्वीच्या आसाचा कल अत्यंत मंद गतीने कमी होत असल्यामुळे ते वर्षाला साधारण पंधरा मीटर दक्षिणेकडे सरकत आहे. वराहमिहिरांच्या काळी ते आजच्याहून उत्तरेस, आपल्या नगरीपासून पन्नासएक किलोमीटरांवर होते. या हिशेबाने ते उज्जैनला पोहोचण्यास आणखी सुमारे एकोणीसशे वर्षे लागतील. तोवर वाट पाहणे आले. वेधशाळेतील शंकूची माध्यान्हीची सावली २१ जूनच्या आठवडाभर आगेमागे दोनदा नाहीशी होते, नेमकी २१ जूनला नव्हे, याचेही कारण हेच.

आमच्या विषयात या साधनाचा खरा उपयोग झाला तो ‘मेघदूत’ शिकविताना. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके यांनी मराठीत आणलेले हे काव्य आपल्या ग्रंथालयाच्या कपाटांत ओळीने उभे असेल. यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीला जावयास सांगतो, हे आपण सारे जाणतो. पण किती वाकडी? वा. वि. मिराशींच्या मताप्रमाणे रामगिरी म्हणजे रामटेक धरून तेथून कैलासापर्यंत रेघ ओढली तर ती सुमारे अकराशे किलोमीटर भरते. विदिशा, उज्जयिनी, दशपूर म्हणजे मंदसोर, कुरुक्षेत्र, कनखल या टाचण्या रोवून तीच वाट मोजली तर साडेसतराशेच्या घरात जाते. कालिदासाने आपल्या लाडक्या नगरीसाठी मेघाला साडेसहाशे किलोमीटर अधिक चालविले! हे दिसताच वर्गातली पाठीमागची बाके जागी झाली. नंतर आम्रकूटाचा प्रश्न निघाला. ते अमरकंटक मानले, तर रामटेकहून निघालेला मेघ आधी ईशान्येस जाऊन मग पुन्हा पश्चिमेस फिरतो. रामगिरी सरगुज्यातील रामगड मानला, तर अमरकंटक वाटेत येते. विद्वानांनी एवढे वाद का घातले, हे विद्यार्थ्यांना टीपा वाचून कळले नव्हते. पडद्यावर दोन रंगांच्या दोन रेघा पाहिल्यावर ते स्वतःच दोन पक्षांत विभागले गेले. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवासा’चेही असेच करता येईल : वरसईहून निघून महू, ग्वाल्हेर, झाशी, काशी अशी ती १८५७ च्या वणव्यातून गेलेली वाट. एका हौशी विद्यार्थ्याने ती अर्धी आखली आहे.

तथापि या साधनाचे दोषही सांगावयास हवेत. हाताने नकाशा काढताना नदीचे वळण बोटांतून मनात उतरत असे. पडद्यावर ते बोटाखालून निसटून जाते. मोबाइलमधला निळा ठिपका आपण कोठे आहोत हे आयते सांगतो, त्यामुळे स्वतःचे स्थान शोधण्याचे कष्ट आणि त्यातली बुद्धी दोन्ही वाचतात. प्रमाण म्हणजे काय हे न कळताच मुले गल्लीपासून खंडापर्यंत झेप घेतात. सपाट पडद्यावर ग्रीनलंड आफ्रिकेच्या तोडीचे भासते, वास्तविक आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. २०१८ पासून गूगलने संगणकावर दूरचे दृश्य गोलाच्या रूपात दाखविण्यास आरंभ केला तो यामुळेच. खेड्यातील शाळेत वीज आणि इंटरनेट एकाच वेळी असणे हाही एक ग्रहयोगच असतो. मात्र एका प्रोजेक्टरवर साऱ्या वर्गाने मिळून एक रेघ ओढणे हे प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर निमूटपणे पाहण्यापेक्षा किती तरी श्रेयस्कर, असा माझा अनुभव आहे.

सर्वांत मोठा दोष नावांचा. हे नकाशे दुकाने, उपाहारगृहे, एटीएम यांची नावे तत्परतेने देतात. घाट, बाखळ, वाडा, कुंड यांची देतीलच असे नाही. २०२८ च्या सिंहस्थासाठी आपल्या शहरात रस्ते रुंद होत आहेत, जुन्या वस्तीची रूपे बदलत आहेत. एखादी गल्ली बदलली की तिचे नाव प्रथम पाटीवरून जाते, मग बोलण्यातून. पाटी नसलेले नाव पडद्यावरच्या नकाशात आधीपासूनच नसते. येथे आपल्या ग्रंथालयाला काही करता येण्याजोगे आहे. लुअर्ड यांचे १९०८ चे ग्वाल्हेर संस्थानचे गॅझेटियर, जुनी यात्रावर्णने, सभासदांच्या घरांतील वतनपत्रे व घरांचे आराखडे यांतील नावे गोळा करून लोकांनी भरावयाच्या नकाशात रोवता येतील. जुना छापील नकाशा नव्यावर बसवून पाहण्याची युक्ती आता महाविद्यालयीन मुलांनाही साधते. कागद ग्रंथालयाने पुरवावेत, हात विद्यार्थ्यांचे, आणि आठवण ज्येष्ठ सभासदांची.

याचा एक लहानसा प्रयोग २०२३ च्या अधिक श्रावणात झाला. अधिक मासात सप्तसागरांची यात्रा करण्याची आपल्या नगरीची रीत वाचकांस ठाऊक आहेच. रुद्रसागरास मीठ, क्षीरसागरास दूध, पुरुषोत्तमसागरास मालपुवा अशी वाणे घेऊन आपल्या घरच्या स्त्रिया निघतात. ही यात्रा म्हणजे शहराच्या पाण्याचा एक तोंडी नकाशाच आहे. तो दर तीन वर्षांनी पायांनी पुन्हा काढला जातो. आमच्या काही विद्यार्थिनी आपापल्या आज्यांबरोबर गेल्या आणि प्रत्येक सागराशी उभे राहून त्यांनी मोबाइलवर टाचणी लावली. वर्गात परतल्यावर सातही टाचण्या उपग्रहाच्या चित्रावर ठेवून पाहिल्या. महाकाळाजवळचा रुद्रसागर ठळक दिसतो, आणि जुनी चित्रे मागे सरकवीत गेले की २०२२ मध्ये महाकाल लोक झाले त्याच्या आधीचा व नंतरचा काठ वेगवेगळा ओळखता येतो. उंडासा गावचा रत्नाकरसागर विस्तीर्ण आहे. विष्णुसागर आणि पुरुषोत्तमसागर अंकपाताच्या बाजूला एकमेकांपासून फार दूर नाहीत. नलिया बाखळीतील पुष्करसागर मात्र दाट घरांच्या छपरांत कोणालाच सापडेना. टाचणी होती, पाणी दिसेना. तेव्हा एका मुलीने तेथूनच घरी फोन लावला; आजीने पलीकडून वळणे सांगितली, मंदिर कोणत्या हाताला, जिना कोणीकडे, आणि वर्गाने पडद्यावर एकेक छप्पर ओलांडीत त्या जागेवर बोट ठेवले.